या जेवाले

आमच्या शाळेत भूगोल खाल्ला जायचा.

चेष्टा नाही करत. सर टेबलावर आधी फुटाण्यांनी आफ्रिकेचा काठ आखायचे. सहाराच्या जागी मुरमुरे पसरायचे, काँगोच्या जंगलात खारे वाटाणे ओतायचे, आणि नाईल नदी म्हणून जाड शेवेची एक लांब ओळ खालून वर समुद्रापर्यंत मांडायचे. घंटा झाली की म्हणायचे, “चला, झाला आफ्रिका.” मग मुलांना एकेक प्रदेश वाटून द्यायचे आणि इजिप्त स्वतःकडे ठेवायचे, शेवेसाठी. त्या वर्गातली मुलं आता आजोबा-आजी झाली असतील, पण नाईल कुठून कुठे वाहते हे त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील.

मी तिथे गणित शिकवायला होते. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी मूळची नाशिकची. नवरा बुलढाण्याला महसूल खात्यात आणि मी खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजाला. शनिवारी दुपारची एस.टी. धरायची, सोमवारी सकाळी परत यायचं, असा आमचा संसार. वऱ्हाडी बोली आधी कानाला टोचायची, मग हळूहळू तोंडात बसली. तोंडाची मी आधीपासूनच फटकळ, त्यामुळे तिथे रमायला फार वेळ लागला नाही.

शाळेत सर पुष्कळ होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की ते एकच. ते वर्गावर जात नसत, वर्ग त्यांच्याकडे जात. तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांची, आणि तिथे गावच्या सुताराने केलेली बाभळीची खुर्ची. पहिली खुर्ची मोडल्यावर सुताराने दुसरीला बैलगाडीच्या धुऱ्याचं लाकूड घातलं होतं. सरांचं अंगच तेवढं होतं. दारातून येताना ते एक खांदा आधी आत घालायचे, मग पोट, मग उरलेले सर. हेडमास्तरांनी सुरुवातीला वर्गावर जाण्याचा नियम काढून पाहिला म्हणतात. सर एकदा जिना चढले, वरच्या पायरीवर बसले आणि तिथेच तास घेतला. त्यानंतर नियमाचं नाव कोणी काढलं नाही.

सदऱ्याला चार खिसे होते, शिंप्याला सांगून शिवून घेतलेले. एकात फुटाणे, एकात खारे दाणे, एकात कागदात गुंडाळलेला गूळ आणि चौथा ‘पाहुण्याचा’. बाजारात जे ताजं मिळालं असेल ते त्यात, शेगावची कचोरी कोणी आणून दिली तर तीसुद्धा. सदऱ्याला तेलाचा डाग कायम. पण एक सांगते, स्वतःच्या तोंडात टाकण्याआधी त्यांचा हात समोरच्याकडे जायचा. “घ्या बाई.” मी नको म्हटलं की चेहरा लहान मुलासारखा पडायचा. म्हणून मी एक दाणा उचलायची. मग ते मूठभर खायचे.

मी एकदा चिडून विचारलं होतं, की सर, तुमचं तोंड कधी थांबतं की नाही. ते हसले.

“तोंड हालत राह्यलं पाह्यजे, बाई. बोलाले कोनी नसलं तं चावाले तरी पाह्यजे.”

मीही हसले. विनोद वाटला मला तो.

घरी ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचं घर माझ्या खोलीच्या समोर, मधे रस्ता. त्या घरातून धूर निघालेला मी कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी खिडकीत कंदील लागायचा आणि कागदाच्या पुडीचा आवाज यायचा, तोही मला उगाच वाटायचा म्हणा, एवढा रस्ता ओलांडून काय ऐकू येणार.

गावातल्या डॉक्टरांकडे वजन करायचा एक काटा होता. सर त्यावर उभे राहिले, काटा गर्रकन फिरून शेवटाला जाऊन अडकला तो अडकलाच. तेव्हापासून सरांचं वजन बाजारात, अडत्याच्या कापसाच्या काट्यावर व्हायचं. पहिल्या दिवशी हमालाने सवयीने विचारलं, “बारदान वजा करू काय, सर?” गोणीचं वजन वजा करतात ना, तसं. सर म्हणाले, “कर बाप्पा, तेवढंच उतरलं.” सगळा बाजार हसला आणि सर त्यात सगळ्यात जास्त हसले.

ह्याच डॉक्टरांनी एकदा सहज सांगितलं, “सर, अधूनमधून उपास करत जा.” झालं. सरांनी सोमवार धरला महादेवाचा, गुरुवार धरला, शनिवार धरला, दोन्ही एकादश्या, चतुर्थी, काही सोडलं नाही. श्रावणात तर महिनाभर अन्नाचा कण नाही. पण साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, भगर, रताळी, बटाट्याचा कीस, हे देवालाच चालतं तर माणसाला का नाही? खिशातले फुटाणे गेले आणि गुळाची चिक्की आली. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकलेली, पण तिला हातपाय फुटून ती बाभळीच्या खुर्चीत बसलेली तिथे पाहिली. श्रावण संपल्यावर काट्यावर उभे राहिले तर वजन वाढलेलं. हमाल हात जोडून म्हणाला, देव पावला तुम्हाले.

दुष्काळाची दोन वर्षं मात्र फार वाईट गेली. अख्खं गाव रोजगार हमीच्या खडीवर, रेशनची लाल ज्वारी आणि सरकारने वाटलेली कोरडी सुकडी खाऊन माणसांच्या बरगड्या वर आलेल्या. अशा गावात जाड असणं म्हणजे चोरी केल्यासारखं. सरांनी घरातलं होतं नव्हतं ते धान्य खडी फोडणाऱ्यांना देऊन टाकलं, त्यांची दोन वर्षं मुरमुऱ्यांवर आणि चहावर गेली. अंग तरी उतरेना. एकजण त्यांच्या तोंडावर म्हणाला, “सर, सरकारी सुकडी तुम्हीच खाऊन राह्यले काय?” सरांनी खिशात हात घातला आणि चार मुरमुरे होते ते त्याच्या हातावर ठेवले. मला त्या माणसाचा अजून राग आहे.

आता ती पंगतीची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

सरांची धाकटी बहीण साखरखेर्ड्याला दिली होती. तिला दोन मुली. थोरलीचं लग्न निघालं तेव्हा आम्ही शाळेतली सगळी मंडळी चिखलीला गाडी बदलून गेलो. सर मामा. मंगलाष्टकांना नवरीच्या मागे उभे, नवा फेटा, डोळ्यांत पाणी. त्यानंतर जेवणं. मांडवात जमिनीवर पंगत, समोर पत्रावळी, बुंदी, पुरी, वांग्याची भाजी. वरपक्षाने मामांना आग्रहाने मानाच्या पाटावर बसवलं. सर नको नको म्हणत होते, मी ऐकलं ते. पण आग्रहापुढे बसले.

मानकरी उठल्याशिवाय पंगत उठायची नाही, ही रीत. जेवणं झाली, सगळे हात आखडून बसले, आणि सरांना उठता येईना. एक हात जमिनीला टेकला, दुसरा टेकला, गुडघा वळेना. आधाराला भिंत नाही, खांब लांब. लोक वाट पाहताहेत, पुढची पंगत मांडवाबाहेर उभी. शेवटी चार जण धावत आले, दोघांनी दंड धरले, दोघे मागून लागले, आणि कोणीतरी ओरडलं, चिखलात रुतलेल्या गाडीला ओरडतात तसं. हसता हसता मांडव लोटपोट झाला. सरही हसले. उठल्यावर फेटा नीट करून सगळ्यांना हात जोडले.

परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. चिवड्याची पुडी होती हातात. चिखली येईपर्यंत ती संपली. माझ्याकडे त्यांनी ती पुढे केली नाही. तशी ती पहिलीच वेळ.

त्यानंतर सर कधी पंगतीला बसले नाहीत. लग्नाचं आमंत्रण आलं की आहेर पाठवायचे. शाळेच्या गॅदरिंगचं जेवण असलं तर दाराशी उभे राहून वाढणाऱ्यांवर देखरेख करायचे आणि मधूनच पुडी काढायचे. लोक म्हणायचे, सरांचं काय, ते तर दिवसभर जेवतात.

ऑपरेशनची गोष्ट हेडमास्तरांनी आणली. खामगावच्या एका व्यापारी घरातला मुलगा अमेरिकेत शिकून मुंबईला मोठा सर्जन झाला होता. दिवाळीला, होळीला घरी आला की ओळखीची माणसं तपासायचा. तो म्हणे जाड माणसांचं एक नवं ऑपरेशन करतो. लहान आतड्याचा बराचसा भाग बाजूला टाकायचा आणि वरचं टोक खालच्या टोकाला जोडायचं. खाल्लेलं अंगी लागायच्या आत पुढे निघून जातं.

सरांना ह्या गोष्टीने झपाटलं. फळ्यावर आतड्याचा नकाशा काढून दाखवायचे, नदीला कालवा काढतात तसा. स्टाफरूममध्ये ज्याला त्याला विचारायचे, काय करू. संस्कृतचे शिक्षक म्हणाले, देहाला शस्त्र लावू नये. हेडमास्तरांनी रजेचा हिशेब सांगितला. शिपाई म्हणाला, पोट कापन्यापरीस पुडी कमी करा ना. सर शेवटी माझ्याकडे वळले.

“आतडं कापण्याआधी खिसे शिवून टाका,” मी म्हटलं.

मला वाटलं रागावतील. ते खरोखर शिंप्याकडे गेले आणि चारी खिसे शिवून आले. आठवडाभर शाळेत कौतुक. पण तोंड तर हलतच होतं. मग एक दिवस सातवीतल्या मुलींनी कपाटावरचा पत्र्याचा पृथ्वीगोल खाली काढला, तो विषुववृत्तावर उघडला आणि आतून शेव सांडली. सर मान खाली घालून म्हणाले, “पृथ्वीच्या पोटात काय असते, ते माहीत झालं तुम्हाले.”

दिवाळीत खामगावला जायचं ठरलं. सर्जनने निरोप पाठवला होता, घरचं माणूस बरोबर आणा. बहिणीला कळवलं तर रडून घर डोक्यावर घेईल. सर संध्याकाळी रस्ता ओलांडून माझ्या दाराशी आले. आत आले नाहीत, पायरीपाशी उभे राहिले.

“बाई, घरचं मानूस पाह्यजे म्हनते तो. तुम्ही होता काय, येका दिवसापुरत्या?”

मी हो म्हटलं, चपला तेव्हाच घातल्या जणू. खामगावात तो तरुण डॉक्टर समोर बसला, माझ्याकडे पाहून विचारलं, ह्या कोण. “घरच्या हायेत,” सर म्हणाले. मीही मान हलवली.

डॉक्टरने विचारायला सुरुवात केली. सकाळी काय जेवता, दुपारी काय, रात्री किती पोळ्या.

“जेवत नाही, साहेब.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. म्हणाला, मास्तर, हे शरीर हवेवर झालेलं नाही.

“हवेवर नाही. पुड्याईवर झालं.” सर शिवलेल्या खिशावरून हात फिरवत होते. “बायको होती तव्हा आम्ही दोघं येका ताटात जेवत होतो. लोक हासत, पन आम्ही जेवत होतो. ती गेली, मंग ताट मांडलं की अर्धं रिकामं दिसे. म्हनून मी ताटच मांडनं सोडलं.”

त्या काळी बायका नवऱ्याच्या मागून, उरलंसुरलं जेवायच्या. आणि हा माणूस बायकोला समोर बसवून एका ताटात जेवायचा. आमच्यापैकी कोणालाही हे माहीत नव्हतं. मला एकदम ती चावण्याची आणि बोलण्याची गोष्ट आठवली आणि मी पदराने नाक पुसलं. सर्दीचं निमित्त केलं.

डॉक्टरने समोरचा कागद बाजूला सारला. मग त्याने स्पष्ट सांगितलं. आतडं मी लहान करीन, पण तुमची पुडी मी कापू शकत नाही. दिवसभर तोंड चालू राहिलं तर ऑपरेशननंतर जुलाबांनी हाल होतील, जीवसुद्धा जाईल. आधी दोन वेळा ताटावर बसून जेवून दाखवा, मधे काही नाही. होळीला मी येईन, तेव्हा बोलू.

सुताराने सरांसाठी उंच मेज करून दिलं. मावशीबाई होत्या शाळेत पाणी भरणाऱ्या, त्या सकाळ-संध्याकाळ भाकरी-भाजी, वरण करून ठेवू लागल्या. दुपारचं सर डब्यात घालून स्टाफरूममध्ये आमच्यात जेवायचे, ते बरं चाललं होतं. रात्रीचं काही केल्या जमेना. स्वयंपाकघरात ताट वाढून घ्यायचे आणि बसून राहायचे. “घास तोंडात फिरत राह्यते, बाई,” म्हणायचे. सकाळी मावशीबाईंना भाकरी तशीच सापडायची आणि सरांच्या सदऱ्यावर तेलाचा डाग.

मग एका संध्याकाळी त्यांनी ते मेज उचलून ओट्यावर आणलं, रस्त्याकडे तोंड करून.

वऱ्हाडात रीत आहे. जेवत असताना समोरून कोणी गेलं तर जेवणाऱ्याने ‘या जेवाले’ म्हणायचं, आणि जाणाऱ्याने ‘होऊ द्या’ म्हणून पुढे जायचं. कोणी येत नसतं आणि कोणी येईल अशी अपेक्षाही नसते. सरांनी ही रीत धरली ती अशी धरली की विचारू नका. गाडीवान गेला, “या जेवाले.” बकऱ्या घेऊन धनगर गेला, “या जेवाले.” एस.टी.चा कंडक्टर, मशिदीतून परतणारे म्हातारे चाचा, खामगावहून आलेला अनोळखी विक्रेता, सगळ्यांना तेच. आणि तिकडून “होऊ द्या, सर” आलं की इकडे एक घास पोटात. माणूस दिसलं नाही तर हात ताटावर थांबायचा. कोणी सायकलवरून भुर्रकन निघून गेलं आणि बोललं नाही, तर घास परत ताटात.

काही लोक कंटाळून मागच्या गल्लीने जायला लागले. काही मुद्दाम वळून यायचे, नुसतं होऊ द्या म्हणायला. भाजी विकून परतणारी एक माळीण तर टोपली ओट्याला टेकवून उभी राहायची आणि त्या दिवशी वांगी काय भावाने गेली ते सांगायची. तेवढ्यात सरांची भाकरी संपायची. बसली मात्र ती कधी नाही. कोणीच बसलं नाही.

मीही त्या सुमारास माझं ताट घेऊन दाराच्या पायरीवर यायला लागले. मला तरी आत कोण होतं? मी सुद्धा चुलीपाशी उभ्याउभ्या पोळी गिळायची, त्याला जेवण म्हणायचं. “या जेवाले, बाई,” समोरून यायचं. “होऊ द्या, सर. तुम्हीच या.” “होऊ द्या.” रस्त्याच्या अलीकडे मी, पलीकडे ते. माझी घरमालकीण फणकारली, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक होऊ द्या म्हणतील.

होळीपर्यंत सर उतरले. फार नाही, पण काट्यावर दिसण्याइतके. डॉक्टर खूश झाला, म्हणाला, या मुंबईला. आता निर्णय सरांचा.

साखरखेर्ड्याहून बहीण धावत आली. “दादा, आता उतरून राह्यलं ना आपोआप? मंग कायले पोट फाडून घ्याचं? तुले काही झालं तं मी माहेर कुठी शोधू?” गावातले डॉक्टर म्हणाले, नवीन काम आहे, टेबलावरून उठाल याची खात्री कोणी देणार नाही. मलाही तेच वाटत होतं. चाललंय ते चालू द्यावं, ओटा आहे, रस्ता आहे. मी तसं म्हटलंसुद्धा.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अन् पावसाळ्यात, बाई? रस्त्यानं कुत्रंबी जात नाही तव्हा? मले माह्या तोंडाची ओळख हाय. हे उतरलेलं दोन महिन्यात परत चढते.”

पुढे म्हणाले, “धाकटीचं लगन जमून राह्यलं. मले पंगतीत बसाचं हाय अन् माह्या पायानं उठाचं हाय. बस, येवढंच.”

एवढ्यासाठी जीव पणाला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते म्हणाले, तुम्ही काय म्हनता, घरच्या मानसानं सांगावं.

“मला भीती वाटते, सर.”

“मले बी,” ते म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा शिवलेलाच होता.

मेहुण्यांबरोबर ते नांदुऱ्याला मुंबईच्या रेल्वेत बसले. जन्मभर जगाचा भूगोल शिकवला, पण भुसावळच्या पुढे कधी गेले नव्हते. दोन महिन्यांनी परत आले ते मेहुण्यांच्या खांद्यावर हात टाकून. सुरुवातीचं वर्ष कसं काढलं ते त्यांनाच ठाऊक. जरा काही चुकलं की जुलाब, चक्कर, परत खामगावचा दवाखाना. मुठीएवढा भात, पातळ वरण, वेळेवर आणि ताटावर. पुडी कायमची गेली. अंग असं उतरलं की कातडी दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखी लोंबायला लागली.

आणि सर जिना चढून वर्गावर जाऊ लागले. हेडमास्तरांना आनंद. बाभळीची खुर्ची कोपऱ्यात पडली, तिच्यावर जुने नकाशे साठले. टेबलावर फुटाण्यांचा आफ्रिका अजूनही व्हायचा, पण घंटा झाली की मुलं सगळा खायची, इजिप्तसकट. सर तेव्हा खिडकीबाहेर बघत राहायचे.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. पूर्वी सर बाजारातून निघाले की बायका हसत वाट सोडायच्या, पोरं मागे लागायची, हमाल लांबून हाक मारायचा. आता ते बाजारातून जायचे आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. काट्यापाशी थांबायचे थोडं. हमाल आपला गोण्या मोजत असायचा. वजन करून घ्यायची सरांना आता गरज नव्हती, आणि थांबायला दुसरं कारण नव्हतं. ओट्यावर बसून ते “या जेवाले” म्हणायचे, तर नवा माणूस दचकून बघायचा, की हा कोण बुवा बोलावतोय.

धाकट्या भाचीचं लग्न लागलं. पुन्हा साखरखेर्डा, पुन्हा मांडव. सर नवरीच्या मागे उभे राहिले. वरपक्षाने मानाच्या जागेला बोलावलं तर म्हणाले, नको, मी आपला साध्या पंगतीत बसतो. आणि जाऊन बसले, मधोमध, मांडी घालून. मी बायकांच्या पंगतीत समोर होते, माझं अर्धं लक्ष तिकडेच. वाढणारा मुलगा त्यांना विचारत होता, “तुम्ही कोनाकडले?” सर काहीतरी बोलले, हसले. पुरी अर्धीच घेतली. बुंदी घेतली नाही. शेजारच्याला आग्रह करत होते.

जेवणं आटोपली. लोकांना परतीच्या गाड्या धरायच्या होत्या, पंगत भराभर उठली. उजवीकडचे उठले, डावीकडचे उठले. सर बसूनच राहिले. पत्रावळी उचलणारी पोरं त्यांच्या अलीकडे आली, पलीकडे गेली. ते बसलेलेच, हात मांडीवर, मान जराशी वर करून मांडवाच्या तोंडाकडे बघत.

गुडघा धरला असेल, चक्कर आली असेल, अशक्तपणा आहेच अंगात. उष्टा हात तसाच घेऊन मी पुरुषांच्या पंगतीत शिरले. बायका बघायला लागल्या. बघू देत. मी वाकून डावा हात पुढे केला. सरांनी तो धरला आणि उठले. झटकन उठले, माझ्या हातावर काही भार आला नाही.

“उठता येत होतं, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “मागल्या खेपेले चार जन धावले होते. म्हनून जराशी वाट पाह्यली.”

मी हात सोडला नाही. हात धुवायचा पिंप मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होता, तिथपर्यंत तसाच धरून त्यांना घेऊन गेले. वरपक्षातली एक बाई तांब्याने पाणी घालत होती. तिने आधी सरांच्या हातावर घातलं, मग माझ्या, आणि विचारलं, हे कोण तुमचे.

मी म्हटलं, घरचे.